शेरू ४१ किलोचा झालाय: लठ्ठ कुत्र्या-मांजरांचं वजन बेताबेतानं कसं उतरवायचं?

घाटवाट (धागाकर्ता, पुणे)

मावशीचा लॅब्राडोर दिवाळीपासून आमच्याकडे राहायला आला आहे. नाव शेरू, वय सात, नसबंदी झालेली. मावशीचे गुडघे गेले, कऱ्हाडला त्याला फिरवणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो इकडे आला. दवाखान्यातल्या काट्यावर ४१ किलो भरला. डॉक्टरांनी हातानं चाचपून त्याला शरीरबांध्याच्या मापात ९ पैकी ८ गुण दिले. या मापात ४ ते ५ म्हणजे छान बांधा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. रक्त तपासलं, थायरॉइड व्यवस्थित आहे. ३२ किलोच्या आसपास आणू या, असं ठरलं आहे.

जिना चढताना तो मधल्या पायऱ्यांवर बसतो. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले असतात. मला त्याला उपाशी मारायचं नाही, पण आणखी जाड होऊ देणंही मला बघवत नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, नेमकं किती घालायचं ते कळत नाही. पिशवीवरचा तक्ता बघितला तर तो भरपूर वाटतो. दुसरी अडचण नाजूक आहे. आमची आजी माळकरी आहे. जेवताना कुणी तोंडाकडे बघत असेल तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट तिनं आम्हाला लहानपणापासून सांगितली आहे आणि ती स्वतः तशीच जगते. शेरूला दोन्ही वेळा तूप लावलेली पोळी मिळते. तिला 'देऊ नकोस' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आंबेमोहोर

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

लॅब्राडोरबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. २०२४ मध्ये याच गटानं पुढचं काम प्रसिद्ध केलं: असे कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये जास्त भुकेले राहतातच, शिवाय विश्रांतीत त्यांची ऊर्जाही सुमारे पाव हिश्शानं कमी खर्च होते. तेव्हा शेरू सारखा मागत असेल तर त्याला 'हावरट' म्हणू नका. त्याला खरोखर भूक लागलेली असू शकते.

आणि हे सगळं कशासाठी करायचं, तेही सांगतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळायचं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणारे मध्यमानानं १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना बरीच उशिरा सुरू झाली. पावणेदोन वर्षांहून अधिक आयुष्य! औषधाच्या कुठल्या बाटलीत मिळतं का?

दवणा (नाशिक)

मी पशुवैद्यक आहे, छोट्या प्राण्यांचा दवाखाना चालवते. धागाकर्त्यांनी आधी रक्त तपासून घेतलं हे फार बरं केलं. पुष्कळ जण थेट खाणं तोडतात. सुस्ती, विरळ होत जाणारे केस आणि वाढतं वजन असेल तर थायरॉइड कमी असू शकतं. पाणी खूप पिणं, लघवी खूप, धाप आणि लोंबतं पोट असेल तर कुशिंग नावाचा ग्रंथींचा आजार बघावा लागतो. आणि पोट मोठं पण पाठीचा कणा, बरगड्या हाताला टोचतात, असा कुत्रा लठ्ठ नसतो. त्याच्या पोटात पाणी असू शकतं. त्याला त्याच दिवशी दाखवायला आणा.

आता किती घालायचं. साध्या कॅलक्युलेटरवर होतं. जे वजन गाठायचं आहे त्या आकड्याला त्याच आकड्यानं दोनदा गुणा. आलेल्या उत्तरावर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. मग ७० नं गुणा. शेरूसाठी ३२ × ३२ × ३२ = ३२,७६८; दोनदा वर्गमूळ घेतलं की साधारण १३.४५, गुणिले ७० म्हणजे ९४० कॅलरी. वजन उतरवताना कुत्र्याला दिवसभरात साधारण एवढंच. हिशोब आजच्या ४१ किलोवर करायचा नाही, गाठायच्या ३२ वर करायचा. पिशवीवरचा तक्ता धडधाकट, हिंडत्या-फिरत्या कुत्र्यासाठी असतो. नसबंदीनंतर गरज पाव हिश्शाच्या आसपास कमी होते, हे त्यात धरलेलं नसतं.

यातला दहावा हिस्सा, म्हणजे ९० कॅलरी, खाऊसाठी राखा. उरल्या ८५०. पिशवीवर १०० ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं. समजा ३५० असतील, तर दिवसाला २४० ग्रॅम. हे वाटीनं किंवा पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या कपानं मोजू नका. एकाच घरात तीन माणसं एकच कप तीन तऱ्हांनी भरतात. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या.

आजीच्या पोळीचा हिशोबही करा. ३० ग्रॅम कणकेची पोळी १०० कॅलरीची. वर चमचाभर तूप, ४५. दोन पोळ्या म्हणजे जवळजवळ ३००. शेरूच्या दिवसाचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो. हे आजींना दाखवा, पण रागावून नको.

वेग: आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के, त्याहून जास्त नाही. शेरूच्या बाबतीत ४०० ते ८०० ग्रॅम. पूर्ण उतरायला सहा महिने तरी धरा, वर्षही लागेल. त्याहून झपाट्यानं उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आखडलेल्या सांध्यांना तेच स्नायू धरून ठेवत असतात.

एक महत्त्वाचं. नेहमीचंच खाणं निम्मं करू नका. कॅलरीबरोबर प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन उतरवण्यासाठीचं वेगळं खाद्य मिळतं, त्यात प्रथिनं आणि चोथा जास्त असतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून ते घ्या, आणि आठवडाभरात जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला.

चाफेकळी (ठाणे)

दवणाताई, माझा बोका ६.५ किलोचा आहे. नसबंदी झालेली, घराबाहेर जात नाही. कोरड्या खाण्याची वाटी दिवसभर भरलेली असते. एका ओळखीच्यांनी सांगितलं की आठवड्यातून एक दिवस उपास घाला, आपोआप उतरेल. गुरुवारी करू का?

दवणा

नाही. मांजराला उपास कधीही घालू नका. जाड मांजराला तर अजिबात नाही.

मांजराचं शरीर उपाशी राहण्यासाठी घडलेलं नाही. दोन-तीन दिवस खाणं तुटलं की अंगातली चरबी सुटून यकृतात साचायला लागते, आणि यकृताला ती आवरत नाही. कान आतून, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. मग मांजर अन्नाला तोंडच लावत नाही आणि नळीनं भरवावं लागतं. माझ्याकडे अशी मांजरं येतात. ती सगळीच परत घरी जात नाहीत. नवं खाद्य नाकारलं तर 'भूक लागली की खाईल' म्हणून अडून बसू नका. जुनं समोर ठेवा. २४ तास काहीच खाल्लं नाही तर दवाखान्यात फोन करा.

तुमच्या बोक्याचं गाठायचं वजन डॉक्टर ठरवतील. समजा ४.५ किलो ठरलं, तर वरच्याच रीतीनं २१६ येतात. मांजरासाठी त्याचे ८० टक्के घ्यायचे, म्हणजे १७० च्या आसपास. कोरडं खाद्य १०० ग्रॅमला ३८० कॅलरीचं असेल तर दिवसाला फक्त ४५ ग्रॅम. डोळ्यांना फारच थोडं दिसतं. म्हणून ओलं खाद्य जास्त वापरा. त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं, वाटी भरलेली दिसते, पोट भरतं, लघवीच्या त्रासालाही बरं. भरलेली वाटी उचला, पण एका दिवसात नको. दिवसाचं मोजून चार-पाच वेळांत विभागा.

वेग आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे ३० ते ६५ ग्रॅम. माणसांच्या काट्यावर एवढा फरक कळत नाही. तान्ह्या बाळांचा काटा घ्या, किंवा पंधरा दिवसांनी दवाखान्यात येऊन वजन करून जा.

चाफेकळी

बरं झालं विचारलं. उपासाचा विचारच सोडला. घरात दुसरी मांजरी आहे, ती सडपातळ. बोका तिचंही संपवतो. त्यावर काही उपाय?

कोकमसार (रत्नागिरी)

आमच्याकडे असंच होतं. सडपातळ मांजरीची ताटली फळीवर, उंचावर ठेवली. जाड बोक्याला तिथवर उडी जमत नव्हती. पुढे तो हलका झाला आणि पोचायला लागला, तेव्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून जेवायला घालायला लागलो. वीस मिनिटं, मग ताटल्या उचलायच्या.

बोक्याला खेळवाही. काठीला दोरी, दोरीला पीस. दहा मिनिटं सलग नको, दोन-दोन मिनिटं चार-पाचदा. मांजर दबा धरून झडप घालणारा प्राणी आहे, लांब पळणारा नाही. कोरडं खाणं पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये विखरून ठेवा. पंज्यानं एकेक दाणा काढताना वेळही जातो आणि डोकंही चालतं.

तिठा (नागपूर)

आमच्याकडे पग आहे, मोती. लठ्ठ पगवाल्यांसाठी कळकळीनं लिहितो आहे. वजन उतरवायचं म्हणून भर उन्हात फिरवू नका. चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद, त्यात मानेभोवती चरबी. कुत्रा घाम गाळून नाही, धापून थंड होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात मोती पहाटे साडेपाचला बाहेर, ऊन चढायच्या आत घरात. रस्त्याला पालथा हात लावून बघतो. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर फिरणं रद्द. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी दमट हवेची काळजी घ्या. हवेतच ओल असली की धापून थंड होणं जमत नाही, मग तापमान आटोक्यात दिसलं तरी कुत्रा तापतो. जीभ जांभळट पडली, घोरल्यासारखा आवाज वाढला, की तिथेच थांबायचं. अंगावर पाणी, वारा, आणि दवाखाना.

गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा घाला. मोतीला त्यानंच निम्मा आराम पडला.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. दवणाताई, सगळं आकड्यांत मांडल्यामुळे घरात बोलणं सोपं गेलं. आजीला पोळ्यांचा हिशोब सांगितला. ती म्हणाली, "मग माझा घास तोडायचा का रे? त्याच्या वाटचं माझ्या हातून जाऊ दे, एवढंच." याच्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

रानजाई (कोल्हापूर)

तिच्या त्या वाक्यातच वाट आहे की. 'त्याच्या वाटचं माझ्या हातून'.

माझ्या सासऱ्यांचं असंच होतं. आम्ही सकाळी कुत्रीचं दिवसाचं खाणं काट्यावर मोजायचो, त्यातून मूठभर बाजूला काढून एका स्टीलच्या डब्यात ठेवायचो. तो डबा सासऱ्यांचा. जेवताना त्यांना जेव्हा वाटेल तेव्हा त्यांनी त्यातलं द्यायचं. डबा संपला की त्या दिवसाचं संपलं. कुत्रीला काय दिलं याच्याशी मतलब नव्हता, कुणी दिलं याच्याशी होता. सासरेही खूश. त्यांना द्यायचं होतं, आणि ते देणं आम्ही कमी केलंच नाही.

पोळीच हवी असेल तर वेगळी छोटी, पुरीएवढी, तुपाशिवाय. तिच्या कॅलरी त्या ९० मध्ये धरा. सोबत काकडी, गाजर, फरसबी, उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा. तुकडे मोठे दिसतात, कॅलरी नगण्य. भाजी फोडणीची नको, रश्श्यातली तर नकोच. कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

दवणा

रानजाईताईंना अनुमोदन. खाण्याचं माप एकानं ठेवायचं, देणारे हात कितीही असू देत.

फळांबद्दल भर घालते, कारण आमच्या नाशकात आणि तिकडे सांगली-तासगावात घरोघरी असतात: द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याला एकही नको. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. पीनट बटर 'बिनसाखरेचं' असेल तर त्यात झायलिटॉल आहे का ते वाचा, तेही विषारी. गोळी द्यायला चीज वापरत असाल तर ते हिशोबात धरा. दात घासायच्या काड्या, शेजाऱ्यांची बिस्किटंसुद्धा धरा. एक ग्लुकोज बिस्किट पंचवीस कॅलरीच्या आसपास.

घरी वजन करताना आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. शेरूएवढ्या कुत्र्याला मात्र उचलू नका, तुमची पाठ जाईल. पुष्कळ दवाखान्यांत काटा बाहेरच असतो, नुसतं वजन करायला कुणी पैसे घेत नाही. दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर.

आंबेमोहोर

काटा नसेल तेव्हा हाताची एक खूण आहे, सगळ्यांना उपयोगी पडेल. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं वरच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर प्राणी बारीक आहे. आता पंजा उघडून पालथा धरा, बोटांच्या मागच्या हाडांवरून हात फिरवा. बरगड्या अशा लागल्या की छान. तळहात वर करून अंगठ्याखालच्या मऊ भागावर दाबा. असं लागत असेल तर वजन जास्त आहे. लांब केसांच्या जातींत डोळे फसतात, हात फसत नाही.

वडपारंबी (डोंबिवली)

थोडं विषयांतर करते. आमच्या सोसायटीत राणी आहे, गल्लीतलीच, नसबंदी होऊन कानाला खाच पडलेली. तिला चार घरांतून जेवण मिळतं आणि कुणालाच दुसऱ्याचं माहीत नसतं. पावसाळ्यात ती इतकी जड झाली की गाडी आली तरी पटकन उठेना. मला तिची फार काळजी वाटते.

आम्ही व्हॉट्सॲपवर गट केला. ज्यानं घातलं त्यानं तिथे एक खूण करायची. सकाळचं एका घराचं, संध्याकाळचं दुसऱ्या घराचं. उरलेल्यांनी पाणी, औषध, लसीकरण वाटून घेतलं. वरणभात बंद झाला असं नाही, पण चारदा मिळायचा तो एकदाच मिळतो. आता ती गेटपासून मागच्या इमारतीपर्यंत माझ्यासोबत चालते.

दवणा

फार छान केलंत. रस्त्यावरच्या जाड कुत्र्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

घाटवाट

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. रानजाईताईंचा डबा आमच्याकडे चालू झाला. आजीनं त्यावर हळदकुंकवाचं बोट लावून तो आपल्या पाटाशेजारी ठेवला आहे. तूप पूर्ण बंद आहे. शेरू ३७ किलोच्या खाली आला. जिन्यात थांबतो, पण बसत नाही.

गेल्या दोन वजनांत मात्र काटा जागचा हललेला नाही. खाणं तेवढंच आहे, चोरून कुणी घालत नाही याची खात्री केली आहे. आणखी कमी करू का? फिरणं वाढवू का?

दवणा

असं थांबतंच, घाबरू नका. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते, शिवाय कमी खाण्याला शरीर सरावतं. दिवसाच्या मापातून ५ ते १० टक्के कमी करा, म्हणजे २४० ग्रॅमचे २२० पर्यंत. त्याखाली मला विचारल्याशिवाय, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

फिरणं वाढवा, पण पाच-पाच मिनिटांनी. मागचे पाय आखडतात म्हणालात, तर लांब एक फेरी नको, लहान दोन-तीन करा. मातीवर किंवा गवतावर. चेंडू फेकणं टाळा, अचानक वळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो, जड कुत्र्यांत तर फारच. पोहता येत असेल आणि सुरक्षित जागा असेल तर त्यासारखं काही नाही. दुखत असेल तर डॉक्टरांकडून वेदनेचं औषध घ्या. माणसांच्या गोळ्या नकोत. आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक आहे आणि पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.

३२ गाठल्यावर लगेच जुन्या मापावर जाऊ नका. दहा टक्क्यांनी वाढवा, पंधरा दिवस थांबा, वजन करा. स्थिर राहील तिथे माप ठेवा. आजींचा डबा पुढेही चालू द्या, त्यात फक्त दाणे थोडे वाढतील.

सोनटक्का (पणजी)

उशिरा आले या धाग्यावर. माझी मांजरी मधुमेही आहे, दोन वेळा इन्सुलिन चालू. वजन ७ किलो. वर दिलेलं १७० कॅलरीचं गणित मी उद्यापासून सुरू करू का?

दवणा

उद्यापासून नको, ताई. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

लठ्ठपणा मांजरातल्या मधुमेहाचं मोठं कारण आहे, आणि वजन उतरलं की काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा. म्हणून उतरवायचं नक्की. पण खाणं कमी झालं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते. मात्रा खाण्याबरोबर बदलावी लागते, आणि ती साखर मोजूनच, अंदाजानं नाही. खाद्याचा प्रकार बदलतानाही तेच. कोरड्यावरून ओल्यावर गेलं की पिष्ट कमी होतं आणि काही दिवसांतच कमी इन्सुलिन पुरतं.

मांजरी जेवली नाही तर नेहमीची मात्रा टोचू नका, आधी फोन करा. डगमगत चालली, थरथरली, हाक मारून ओळख दिली नाही किंवा आचके आले, तर वाट बघू नका. हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी चोळा, शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, आणि तसंच उचलून दवाखाना गाठा.